नवा जुना माल

“सदरहू माल नवा आहे अथवा जुना, याचा खुलासा पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत करावा; न केल्यास आपणांस याबाबत काहीएक म्हणावयाचे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल,” अशा आशयाचा इंग्रजी मजकूर जकात खात्याकडून जेव्हा माझ्या हाती पडला, तेव्हा मला संताप यावयास हवा होता, निदान भीती तरी वाटावयास हवी होती; पण खरे सांगायचे तर मला जे वाटले, ते एखाद्या म्हाताऱ्या सोनाराला परमुलखात दुसऱ्या सोनाराच्या हातची सुबक नथ पाहून वाटावे तसे होते. ‘काहीएक म्हणावयाचे नाही असे समजून’! हे शब्द मी स्वतः किती हजार वेळा लिहिले असतील, त्याची गणती कचेरीच्या बारनिशीतही सापडावयाची नाही.

मी मामलेदार कचेरीत तेहेतीस वर्षे चाकरी करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. या अवधीत वारसनोंदी, फेरफार, उत्पन्नाचे दाखले आणि विहिरींच्या वाटण्या यांसंबंधीचे असंख्य अर्ज माझ्या मेजावरून गेले, आणि त्यांपैकी पहिल्या खेपेस मंजूर झालेला एकही अर्ज मला आठवत नाही. अर्जातील त्रुटी अर्जदारास एकदम सांगू नयेत, एका खेपेस एकच सांगावी, म्हणजे अर्जदाराच्या अंगी चिकाटी बाणते, कचेरीचा आब राहतो आणि आवारातील चहाच्या गाडीवाल्याचाही प्रपंच चालतो, हे तत्त्व मला माझ्या पहिल्या साहेबांनी दिले आणि मी ते व्रतस्थपणे पाळले. अशा माणसाला निवृत्तीनंतर अर्जदार होण्याची पाळी यावी, आणि तीही एका फूटरेस्टपायी, यात नियतीचा काही हात असलाच, तर नियतीने केव्हातरी माझ्या कचेरीत हेलपाटे घातलेले असले पाहिजेत.

प्रकरणाचे मूळ वडिलांच्या मोटारसायकलीत आहे. बी. एस. ए. एम-२०, सन १९४२, एक सिलिंडर, ४९६ सी.सी. बी. एस. ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक करणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन ही कंपनी काढली, आणि पुढे मोटारसायकली करू लागल्यावरही तिने आपल्या चिन्हातल्या, एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका काही सोडल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात या एकाच नमुन्याच्या सुमारे सव्वा लाख गाड्या तिने ब्रिटिश फौजेला पुरवल्या. १९४० च्या नोव्हेंबरात जर्मन विमानांनी तिच्या कारखान्यावर बाँब टाकले तरी गाड्या निघतच राहिल्या. युद्ध संपल्यावर फौजेला त्या नकोशा झाल्या, त्यांचे लिलाव झाले, आणि १९४७ साली अशाच एका लिलावात आमच्या वडिलांनी कोणासही न विचारता एक घेतली. तिच्या कागदावर शिक्का आहे तो कोल्हापूर संस्थानचा. संस्थान १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. मोटारसायकल मात्र वडिलांच्या हयातीत कशातही विलीन झाली नाही. ती आवाजावरून तीन गल्ल्यांत ओळखली जाई, आणि ती येते आहे असे समजल्यावर माणसे म्हशी बांधून घेत.

वडिलांमागे ती परसातल्या खोपीत कडब्याआड उभी राहिली. मी निवृत्त झालो त्या दिवशी मिळालेली शाल अजून खांद्यावर असतानाच मी कडबा बाजूला केला, तेव्हा हेडलाइटच्या वाटीत चिमणीचे घरटे होते, सीटच्या स्प्रिंगांत एका कोंबडीने आपली वहिवाट कायम केलेली होती आणि मॅग्नेटोच्या आत मुंग्यांनी वारूळ घातले होते. मी त्याच क्षणी तिच्या जीर्णोद्धाराचा संकल्प सोडला. यंत्रातले मला काय कळते, असा प्रश्न सौभाग्यवतींनी विचारला, तो मी गैरलागू म्हणून निकाली काढला.

यंत्रातले मला काहीच कळत नव्हते, हे पहिल्याच दिवशी पान्यांनी सिद्ध केले. घरात होते ते पाने मिलिमीटरचे. त्यांपैकी एक सैल बसे, त्याच्या खालचा बसतच नसे, आणि मी जोर लावला की नटाचे कोपरे गोल होत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्री पाहायला आले, त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “भाऊसाहेब, ह्याला विटवर्थचं पानं लागत्यात.” तेव्हा मला समजले, की १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने आपल्या देशातील सर्व स्क्रूंच्या आट्यांना ५५ अंशांचा एकच कोन नेमून दिला होता, आणि त्याच्या पद्धतीच्या पान्यावर जे माप कोरलेले असते ते नटाच्या डोक्याचे नसून बोल्टच्या दांड्याचे असते, म्हणजे फेट्याचे माप सांगावयाचे ते माणसाच्या कमरेवरून. शिवाय याच गाडीत काही ठिकाणी आटे व्हिटवर्थचे, काही ठिकाणी त्याहून बारीक आणि काही ठिकाणी सायकलीचे, इंचाला २६ पडणारे. एकाच कुटुंबात तीन पोटजाती, आणि एकीचा नट दुसरीच्या बोल्टशी सोयरीक करावयास साफ नाकबूल! आमच्या तालुक्यातले भावकीचे तंटे मी कागदावर मिटवले आहेत; या भावकीपुढे मात्र मी हात टेकले.

हळूहळू गाडी जुळत आली. अडले ते डाव्या फूटरेस्टपाशी. मूळ फूटरेस्ट वडिलांच्या काळीच मोडला होता, आणि त्यांनी त्या जागी बाभळीचा एक खुंटा घोटून, तेल पाजून ठोकून बसवला होता. त्यावर पाय ठेवून त्यांनी पंढरपूर, गोकाक आणि एकदा आमच्या मामाच्या लग्नाला रत्नागिरी गाठली. मिस्त्रींनी तो खुंटा हलवून पाहिला, तो हलला नाही. “असू दे की. चांगला हाय,” ते म्हणाले. पण जीर्णोद्धाराचे वेड ज्याला लागले त्याला ‘चांगला’ हा शब्द पुरत नाही. त्याला ‘अस्सल’ लागते. मी ठणकावून सांगितले, की या गाडीला बाभूळ चालणार नाही, बर्मिंगहॅमच पाहिजे.

बर्मिंगहॅमचा कारखाना १९७० नंतरच्या दोन-चार वर्षांतच मोडीत निघाला. मात्र त्याचे सुटे भाग इंग्लंडभर विखुरले, आणि ते जपून बसलेले व्यापारी तिथल्या गावोगावी आहेत असे समजले. त्यांतल्या एकाचा पत्ता मी मिळवला. तो एका खेड्यातला वृद्ध गृहस्थ, दुकान उघडे मंगळवार ते गुरुवार, सकाळी दहा ते दुपारी एक. आणि इंग्लंडचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे व उन्हाळ्यात साडेचार तास मागे असल्यामुळे त्याचे दुकान उघडण्याची वेळ आणि माझ्या वामकुक्षीची वेळ तंतोतंत एकच पडे. तरीही मी झोप मोडून त्यास पत्र लिहिले. मला येते ते इंग्रजी कचेरीचे. तेव्हा ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ येथून सुरुवात करून मी सदर वाहनाचा इतिहास, फ्रेमवरील ‘डब्ल्यूएम २०’ हा क्रमांक, वडिलांचे देहावसान आणि मूळ फूटरेस्टचे मोडणे असा चार परिच्छेदांचा अर्ज त्याच्याकडे रुजू केला.

उलट टपाली उत्तर आले. त्याची सुरुवात ‘आय ॲम अफ्रेड’ अशी होती. मी दचकलो. गृहस्थ म्हाताऱ्या वयाचा, खेड्यात एकटा, आणि माझे पत्र वाचून त्याला भीती वाटावी असे त्यात काय होते? मी ताबडतोब कळवले, की भिण्याचे काही कारण नाही, मी निवृत्त सरकारी नोकर असून माझा हेतू शुद्ध आहे. पुढे चिरंजीवांनी समजावून दिले, की इंग्रज माणसाला ‘नाही’ म्हणावयाचे असले की तो आधी भ्यायल्याचे सांगतो. त्याचे म्हणणे इतकेच होते, की असा फूटरेस्ट त्याच्यापाशी एकच उरला आहे, आणि तो ‘न्यू ओल्ड स्टॉक’ आहे. अर्थात युद्धकाळीच घडवलेला, गोदामात पडून राहिलेला, अद्याप कोणाच्याही पायाखाली न आलेला. या व्यवहारात ‘न्यू ओल्ड स्टॉक’ या तीन शब्दांना तोच मान आहे जो आमच्याकडे ‘हुजुरांच्या सहीचा’ या शब्दांना. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. खाली त्याने एकच प्रश्न विचारला होता: निअरसाइड पाहिजे की ऑफसाइड?

ज्या गावात फुटबॉलवरून पेठापेठांत अबोला धरला जातो, त्या गावातल्या माणसाला इंग्रजाने ऑफसाइड विचारावे! पण फुटबॉलचा ऑफसाइड येथे लागू नाही, एवढे मला समजले. तेव्हा मी क्रिकेटकडे वळलो. कचेरीच्या संघातून मी वीस वर्षे खेळलो आहे, आणि ऑफ म्हणजे कोणती बाजू हे मला झोपेतही सांगता येते. मला फूटरेस्ट हवा होता डाव्या बाजूचा. मी डोळे मिटून यष्ट्यांपुढे उभा राहिलो, ऑफचा चेंडू मनाने सोडून दिला, तो डावीकडून गेला, आणि मी निःशंकपणे लिहून टाकले: ऑफसाइड. या साऱ्या युक्तिवादात एकच बारीकशी गोष्ट नजरेआड झाली होती, ती ही, की मी डावखुरा फलंदाज आहे. इंग्रजांच्या गाड्यांत ऑफसाइड म्हणजे उजवी बाजू, आणि ती फलंदाज कोण आहे यावरून बदलत नाही.

किंमत अठ्ठावीस पौंड, पाठवणावळ बावीस पौंड. पौंड त्या वर्षी, म्हणजे २०२१ साली, शंभर रुपयांच्या किंचित वर होता; परंतु संसारात काही आकडे त्यांच्या मूळ चलनातच राहिलेले बरे असतात.

“कितीला पडला?” सौभाग्यवतींनी विचारले.

“अठ्ठावीस.”

“अठ्ठावीस काय?”

“अठ्ठावीसच.”

“अठ्ठावीस रुपयांत इंग्लंडहून?”

“तिकडे लोखंड स्वस्त असतं,” मी म्हणालो, आणि वर्तमानपत्र उघडले.

पार्सल निघाले. ते कोठे आहे हे रोज कळण्याची सोय होती, आणि माणसाच्या मनःशांतीचा एवढा घात दुसऱ्या कोणत्याही सोयीने केला नसेल. पार्सल एक रात्र इंग्लंडात राहिले, दोन रात्री जर्मनीत राहिले. मग दिल्लीस उतरले आणि तेथे त्याला कोणीतरी विचारले, की तू कोण. त्यानंतर बरेच दिवस ‘खुलाशाच्या प्रतीक्षेत’ एवढेच शब्द दिसत राहिले. आमच्या घरी सकाळी देवपूजा होण्यापूर्वी दिल्लीकडचे वर्तमान घेण्यात येई, आणि नातू शेजाऱ्यांना सांगे, की आजोबांचे कोणीतरी दिल्लीत अडकले आहे. दोघे जण समाचारालाही येऊन गेले.

पहिले पत्र आले ते माझी ओळख पटवण्याबद्दल. आधार आणि पॅन या दोन्हींच्या नकला मी त्याच दिवशी पाठवल्या. दुसरे पत्र बारा दिवसांनी आले, ते मालाचे वर्णन स्पष्ट करण्याबद्दल: फूटरेस्ट म्हणजे पाय ठेवण्याचे लहान आसन असल्यास तो फर्निचर या सदरात जातो, वाहनाचा भाग असल्यास ८७१४ या सदरात जातो, तरी नक्की काय ते कळवावे. मी गाडीचे छायाचित्र, त्यावर तांबड्या शाईने बाण, आणि बाणाच्या टोकाशी बाभळीचा खुंटा असा पुरावा सादर केला. या दुसऱ्या पत्राच्या वेळीच मला संशय आला होता. तिसरे आले तेव्हा खात्री पटली. एका खेपेस एकच त्रुटी! हा माणूस आमच्याच संप्रदायातला होता. आपण एखाद्या अनोळखी देवळात जावे आणि तेथील पुजाऱ्याने आपल्याच घराण्याची आरती म्हणावी, तसे मला झाले.

हे तिसरे पत्र म्हणजेच या लेखाच्या आरंभी दिलेले. माल नवा की जुना? वापरलेला जुना माल परदेशातून आणावयाचा तर त्याला निराळा परवाना लागतो, नव्याला लागत नाही. तेव्हा प्रश्न कायदेशीर होता, आणि बिलावर इंग्रज गृहस्थाने आपल्या अक्षरात ‘न्यू ओल्ड’ असे दोन्ही शब्द लिहून ठेवले होते. मी अखेर फोन लावला.

“माल नवा आहे का?” पलीकडच्या साहेबांनी विचारले.

“होय.”

“केव्हा तयार झाला?”

“अंदाजे १९४३ साली.”

“म्हणजे जुना.”

“पण वापरलेला नाही.”

“म्हणजे नवा.”

“होय.”

“पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचा.”

“होय.”

दोन्ही बाजूंनी काही काळ शांतता राहिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ब्रह्मचाऱ्यास वधूवरसूचक मंडळाच्या वहीत कोणत्या सदरी नोंदवावे, असा तो पेच होता, आणि आम्ही दोघेही आपापल्या जागी त्यावर प्रामाणिकपणे विचार करीत होतो. शेवटी मीच पुढे झालो. “साहेब,” मी म्हणालो, “मी तेहेतीस वर्षे कचेरीत काढली आहेत. ‘नवा’ असे लिहावे, आणि पुढे ‘अर्जदाराच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द घालावेत.”

पलीकडून एक दीर्घ सुस्कारा ऐकू आला. “आपण कोणत्या खात्यात होता?” असे त्यांनी फार मृदू आवाजात विचारले, आणि दुसऱ्या दिवशी पार्सल सुटले.

सुटले ते सत्त्याहत्तर टक्के कर घेऊन. मूळ जकात, तिच्यावर अधिभार, आणि या सर्वांच्या बेरजेवर पुन्हा वस्तू व सेवा कर अशी ही मजल्यांवर मजले चढवलेली इमारत असते; आणि तिचा पाया मालाची किंमत एवढाच नसून त्यात पाठवणावळही धरलेली असते. म्हणजे फूटरेस्टने विमानातून केलेल्या प्रवासावरही मी जकात भरली. सारी मिळून रक्कम नऊ हजारांच्या घरात गेली, आणि तिची पावती दुर्दैवाने रुपयांत होती. सौभाग्यवतींनी ती दोनदा वाचली. “तिकडे लोखंड स्वस्त असतं,” एवढेच त्या म्हणाल्या.

एवढ्यावर प्रवास संपावयास हरकत नव्हती. पण ‘कोल्हा’ या अक्षरांवर कोणाची तरी नजर घसरली असावी, कारण पार्सल दिल्लीहून निघाले ते थेट केरळात, कोल्लमला गेले. तेथे ते चार दिवस राहिले. अखेर इंग्लंड सोडल्यापासून एकाहत्तराव्या दिवशी ते माझ्या दारात आले, तेव्हा काशी-रामेश्वर करून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालतात त्याची मला आठवण झाली.

खोके न्याहारीच्या मक्याच्या पोह्यांचे होते. आत इंग्रजी वर्तमानपत्रांचे बोळे, त्यांच्या आत तपकिरी मेणकागद, आणि मेणकागदात काकवीसारखे घट्ट झालेले काळे ग्रीस. मी ते रॉकेलच्या फडक्याने हळूहळू पुसू लागलो, तसा लोखंडावर एक लहानसा ठसा वर आला: तीन रेघांचा बाण, ब्रिटिश फौजेच्या मालावर मारीत तो. ज्या हाताने तो ठसा मारला तो हात बहुधा आता या जगात नसेल. त्या ग्रीसला तेल, धूळ आणि बंद कोठार यांचा मिळून एक वास होता. खोपीत वडील गाडी पुसत तेव्हा येई तोच. मी काही वेळ नुसता वास घेत बसलो. मग मिस्त्री आले, त्यांनी फूटरेस्ट हातात घेऊन गाडीला लावला आणि म्हणाले, “भाऊसाहेब, हा उजव्या अंगाचा हाय.”

मी व्यापाऱ्याला लिहिले. त्याला पुन्हा भीती वाटली. डावा असा जुना आता नाही, पण ‘पॅटर्न’ मिळेल, म्हणजे जुन्याबरहुकूम नवा घडवलेला. अस्सल नाही, हे खरे. पण इंग्लंडहून येणार म्हणजे निमअस्सल तरी असणार, अशी मी मनाची समजूत घातली आणि तो मागवला. या वेळी ‘ऑफ’ आणि ‘निअर’ हे शब्द टाळून मी लिहिले: गाडीवर बसलेल्या माणसाच्या ज्या मनगटावर घड्याळ असते त्या बाजूचा. मागाहून आठवले, की डावखुरा असल्यामुळे मी घड्याळ उजव्या मनगटावर बांधतो. सुदैवाने इंग्रज उजवा होता.

हे दुसरे पार्सल वाटेत असताना मिस्त्री तो उजवा फूटरेस्ट ‘जरा बघायला’ म्हणून घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले ते दोन घेऊन. “आरशात बघून केला,” ते म्हणाले. एक हात उजवीकडे वळलेला, दुसरा डावीकडे, बाकी दोघे जुळे भाऊ. फक्त थोरल्याच्या अंगावर बाण होता आणि धाकटा भट्टीतून आल्यासारखा अजून निळसर दिसत होता. मजुरी साडेतीनशे रुपये. गाडीला लावला तो पहिल्या खेपेस बसला. मी मिस्त्रींना चहा दिला, पण मनातून मला तो पसंत नव्हता. उद्यमनगरात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, कसलाही खुलासा न देता, एका चहावर जी वस्तू मिळते तिला अस्सल म्हणावयास मन कसे धजावे? मी तो काढून फडताळात ठेवला आणि इंग्लंडच्या मालाची वाट पाहू लागलो.

इंग्लंडचा माल आला. पुन्हा खोके, पुन्हा वर्तमानपत्र, पुन्हा सत्त्याहत्तर टक्के. फूटरेस्टला एक पुठ्ठ्याची पट्टी बांधलेली होती, तीवर बारीक अक्षरांत काही छापले होते. माझा चश्मा आत राहिला होता, म्हणून नातवाने वाचले: “मेड इन इंडिया.”

मी ते पुन्हा वाचावयास लावले. म्हणजे हा लोखंडाचा तुकडा आपल्याच देशात कोठेतरी घडला, समुद्रापलीकडे जाऊन एका खेड्यातल्या फळीवर बसला, तेथे त्याला निमअस्सलपणा प्राप्त झाला, आणि मग माझ्याकडून पौंडांत किंमत, विमानाचे भाडे आणि स्वदेशी परत येण्याची जकात घेऊन तो घरी आला. यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. परदेशी जाऊन आलेल्या माणसाचा भाव आमच्या लग्नाच्या बाजारातही असाच वाढतो. फूटरेस्टने फक्त रिवाज पाळला. पुढे कळले, की खुद्द बी. एस. ए. हे नावही २०१६ सालापासून मुंबईच्या महिंद्र समूहातल्या कंपनीकडे आहे, आणि २०२० साली नॉर्टन ही दुसरी जुनी इंग्रज मोटारसायकल कंपनीही तमिळनाडूच्या टीव्हीएसने घेतली. तेव्हा मी बर्मिंगहॅमच्या दारात जाऊन हट्ट धरून बसलो होतो त्या सुमारास बर्मिंगहॅम आमच्या दारात येऊन उभे होते. आमची वाटेत कोठेतरी चुकामूक झाली.

मिस्त्रींनी तो फूटरेस्ट लावून पाहिला. “एक सूत कमी हाय,” ते म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. पण ज्या हिश्श्यासाठी बोल्ट भोकात शिरत नाही तो हिस्सा लहान म्हणता येत नाही. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. “आपल्याकडचाच हाय, पण घाईत केलाय. आणि केल्यावर कुणी गाडीला लावून बघितला न्हाई.”

हा सगळा वृत्तांत, तिन्ही फूटरेस्ट एका रांगेत ठेवून काढलेल्या छायाचित्रासह, मी तक्रारीच्या स्वरूपात इंग्लंडला कळवला. उत्तर आले. या वेळी म्हाताऱ्याला अजिबात भीती वाटली नव्हती. पैसे परत करण्याबद्दल त्याने काही लिहिले नव्हते. त्याने विचारले होते, की मधला, निळसर दिसणारा फूटरेस्ट ज्याने घडवला त्या सद्गृहस्थाला असे डझनभर करून देता येतील काय, कारण त्याच्याकडे मागणी आहे आणि पॅटर्नवाल्यांचा माल नेहमीच थोडा आखूड येतो. आणि तत्पूर्वी नमुन्यादाखल तोच एक पाठवता येईल काय.

मी नमुना पाठवला. टपाल कचेरीत फॉर्मवर मालाचे वर्णन लिहावयाचे होते, तेव्हा माझी लेखणी क्षणभर थबकली, आणि मग मी लिहिले: ‘नवा. अर्जदाराच्या म्हणण्यानुसार.’

मिस्त्रींना डझनाची वार्ता सांगितली तेव्हा ते हरखले नाहीत, की घाबरले नाहीत. “करू की,” म्हणाले, “उद्या या.” मी उद्या गेलो. तेव्हा त्यांच्यापुढे उसाच्या चरकाचा दात होता, आणि गळिताचा हंगाम तोंडावर आला होता. परवा गेलो, तर एका पंपाचा दांडा होता. तेरवा ते गावाला गेले होते. हे गेले पाच महिने चालू आहे. इंग्लंडहून दर मंगळवारी, दुकान उघडण्याच्या वेळी, म्हणजे माझ्या वामकुक्षीच्या वेळी, एक नम्र तगादा येतो: डझनाचे कोठवर आले? आणि मी उठतो, चश्मा लावतो, तेहेतीस वर्षांच्या सरावाने उत्तर लिहितो, की आपले पत्र मिळाले, प्रकरण संबंधितांच्या विचाराधीन असून यथावकाश कळवण्यात येईल. मागच्या मंगळवारी मी आरंभी ‘आय ॲम अफ्रेड’ हे शब्दही घातले. तरीही तो माणूस थकत नाही. आणि त्याला थकू न देण्यासाठी, पुढच्या खेपेस त्याच्या डझनाच्या मागणीत एक लहानशी त्रुटी काढावी असे माझ्या मनात आहे. एकच.

मोटारसायकल अलीकडे रोज सकाळी अकरा मिनिटे चालू असते. उजवीकडे युद्धकाळचा, बाणाचा ठसा असलेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा नवा फूटरेस्ट मिस्त्रींनी बसवून दिला आहे, कारण आणलेली वस्तू वाया घालवू नये असे त्यांचे मत पडले. मिस्त्रींचा डावा इंग्लंडात आहे. इंग्लंडचा डावा सूतभर आखूड म्हणून खिडकीत पावसाळ्यात पल्ला धरून ठेवण्याच्या कामी येतो. डाव्या बाजूला बाभळीचा खुंटा आहे. मी तो पुन्हा ठोकून बसवला तेव्हा मिस्त्रींनी पाय देऊन पाहिले, तो हलला नाही.

“असू दे की,” ते म्हणाले. “चांगला हाय.”